किलीमांजारोला जायचंय? आधी दिवस ठरवा, रूट आणि पॅकेज नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही आणि तुमची मैत्रीण, दोघी पुण्याच्या, सिंहगड-राजगड नेहमीचं, कात्रज ते सिंहगड नाइट ट्रेक झालेला, हिमालयात केदारकंठा केलंय, दोघी शाकाहारी, ऑफिसमधून शनिवार-रविवार धरून नऊ दिवस मिळतायत, आणि आफ्रिकेतल्या टांझानियातल्या किलीमांजारोच्या मारंगू रूटचं पाच दिवसांचं स्वस्तातलं पॅकेज समोर आहे, तर ते घ्यावं का.

नका घेऊ. किलीमांजारो नक्की करा, पण पाच दिवसांत नको. मी गेली बरीच वर्षं महाराष्ट्रातून तिकडे ग्रुप घेऊन जातोय आणि जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न रूटचा विचारतो नाहीतर पैशाचा, दिवसांचा कुणीच विचारत नाही, आणि हा डोंगर तर सगळा दिवसांवरच अवलंबून आहे.

आता पाच दिवसांच्या मारंगूत काय होतं ते आकड्यांत बघा. गेट साधारण १८७० मीटरवर. पहिली रात्र मंदारा हटला २७२० मीटर, दुसरी होरोंबोला ३७२०, तिसऱ्या दिवशी किबो हटला ४७२०, म्हणजे रोज साधारण हजार मीटर वर जाऊन झोपायचं, आणि तिसऱ्या रात्री तर झोपायचंही नाही, अकरा-बाराला उठून ५८९५ मीटरच्या उहुरू शिखराकडे निघायचं. हिमालयात तुमच्या ट्रेक लीडरने सांगितलं असेल की तीन हजारच्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, इथे त्याच्या दुप्पट वेग आहे. तुमची छाती, पाय, स्टॅमिना कितीही चांगला असला तरी शरीराला विरळ हवेची सवय व्हायला जो वेळ लागतो तो लागतोच, त्याला शॉर्टकट नाही. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच. मॅरेथॉन पळणारी तरणी पोरं किबो हटला उलट्या करत बसलेली आणि पन्नाशीच्या काकू सात-आठ दिवसांच्या प्लॅनवर आरामात वर पोचलेल्या, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

आपल्या सह्याद्रीवाल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कळसूबाई १६४६ मीटर. किलीमांजारोवरून खाली उतरून ज्या म्वेका गेटला आपण सही करून बाहेर पडतो ते गेटच साधारण तेवढ्या उंचीवर आहे. म्हणजे आपलं राज्यातलं सगळ्यात उंच टोक जिथे संपतं तिथून ह्या डोंगराची सुरुवात. सह्याद्रीत पाय तयार होतात, फुफ्फुसाला उंचीची ओळख मात्र होत नाही. केदारकंठा ३८०० मीटरच्या आसपासचा, तो केलाय ही चांगली गोष्ट, तिथे डोकं दुखलं होतं का, झोप लागली होती का, जेवण गेलं होतं का हे आठवून लिहून ठेवा, ती माहिती तुमच्या डॉक्टरला आणि गाइडला दोघांना उपयोगी पडते.

मग कोणता रूट? तुमच्यासाठी सात दिवसांचा माचामे, आणि सुट्टी वाढवता आली तर आठ दिवसांचा लेमोशो. माचामे गेट १८०० मीटरच्या जवळपास, पहिली रात्र माचामे कॅम्प तीन हजारच्या आत-बाहेर, दुसरी शिरा कॅम्प ३८५०. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत म्हणजे ४६०० मीटरपर्यंत चढून जेवायचं आणि परत उतरून बारांकोला ३९५० वर झोपायचं. हा सगळ्या ट्रेकमधला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. वर चढा आणि खाली झोपा हे जे तत्त्व आहे ते ह्याच दिवशी कामाला येतं. लाव्हा टॉवरला डोकं दुखणार, जेवण नकोसं होणार, घाबरू नका, बारांकोला उतरेपर्यंत बहुतेकांचं कमी होतं. चौथ्या दिवशी बारांको वॉल, उभा दिसतो पण हात-पाय लावून चढायचा खडकाळ टप्पा आहे, दोर लागत नाही, ज्यांनी हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलीये त्यांना तो आवडतोच. ती रात्र करंगाला, साधारण ४००० मीटर, आणि पाचव्या दिवशी अर्ध्या दिवसात बाराफू, ४६७० च्या आसपास. सहा दिवसांच्या पॅकेजमध्ये हा करंगाचा मुक्काम उडवतात, बारांकोहून थेट बाराफू आणि त्याच रात्री समिट, म्हणजे आधीच दमलेलं शरीर घेऊन सगळ्यात कठीण रात्रीला निघायचं. तो एक मुक्काम वाचवू नका.

लेमोशो पश्चिमेकडून, शिरा पठारावरून येतो. शिरा म्हणजे ह्या डोंगराच्या तीन ज्वालामुखींपैकी सगळ्यात जुना, तो कोसळून आता पठार झालंय, दुसरा मावेन्झी, पूर्वेकडचा दातेरी, ५१४९ मीटर, आणि तिसरा किबो, ज्याच्या काठावर उहुरू आहे. शिरा आणि मावेन्झी कायमचे विझलेले, किबो झोपलेला. वर असताना उद्रेक झाला तर, असं दर ग्रुपमध्ये कुणीतरी विचारतंच. किबोचा शेवटचा उद्रेक साधारण दीड-दोन लाख वर्षांपूर्वीचा मानतात, पण आतल्या रॉइश विवरात आजही गंधकाचा वास येतो आणि वाफा निघतात. ट्रेकरला काळजी उद्रेकाची नाही, उंचीची आणि थंडीची. रोंगाई रूट उत्तरेकडून, केनियाच्या बाजूने, पाऊस कमी, वाईट नाही. उम्ब्वे फार खडा, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नको. वेस्टर्न ब्रीचमधून, म्हणजे किबोच्या पश्चिमेकडच्या फुटलेल्या काठावरून, विवरात नेतो असं कुणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा, तिथे वरून दगड सुटतात आणि २००६ साली तिथे ट्रेकर दगावलेत.

मारंगूबद्दल माझं काही वाईट मत नाही बरं का. तंबूऐवजी हटमध्ये बंक बेड मिळतात, पावसाळी दिवसांत ते सुखाचं असतं. पण घ्यायचाच तर सहा दिवसांचा घ्या, होरोंबोला एक जादा रात्र काढून झेब्रा रॉक्सपर्यंत चढून परत येणारा.

आता पैसे, कारण तिथेच सगळे अडकतात. नॅशनल पार्कची फी सध्याच्या दराने दिवसाला ७० डॉलर, तंबूच्या कॅम्पची रात्रीला ५०, हटची ६०, रेस्क्यू फी एकदाच २०, आणि ह्या सगळ्यावर १८ टक्के व्हॅट. (दर बदलतात, बुक करताना परत बघा.) सात दिवसांच्या माचामेला सात दिवस आणि सहा रात्री धरल्या तर ८१० डॉलर, व्हॅट धरून साडेनऊशेच्या वर, आणि हे नुसते सरकारला गेले. अजून गाइड, असिस्टंट गाइड, कूक, पोर्टर, जेवण, तंबू, गाडी, गेटपर्यंतचं डिझेल काहीच आलेलं नाही. तुम्हा दोघींच्या मागे आठ-दहा माणसं चालणार आहेत. आता कुणी तुम्हाला सात दिवसांचं पॅकेज बाराशे डॉलरला देत असेल तर उरलेल्या अडीचशेत हे सगळं कसं बसतं हे स्वतःच मांडून बघा. बसतं ते एकाच ठिकाणी काटछाट करून, पोर्टरच्या मजुरीत आणि पोर्टरच्या ताटात. जी पोरं आपली बॅग डोक्यावर घेऊन आपल्या आधी कॅम्पला पोचून तंबू लावून ठेवतात त्यांना दिवसातून एकदाच जेवण आणि झोपायला मेसचा तंबू, असे प्रकार खरंच होतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. किलीमांजारोच्या पायथ्याच्या मोशी शहरात (आपली पुण्याजवळची मोशी नव्हे) केपॅप नावाची संस्था आहे, किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट, ती कंपन्यांवर लक्ष ठेवते, पोर्टरला मजुरी किती मिळाली, जेवण किती वेळा, वजन किती हे तपासते आणि चांगल्या कंपन्यांची यादी ठेवते. तुमची कंपनी त्या यादीत आहे का एवढं विचारा. पुण्या-मुंबईच्या एजन्सीकडून गेलात तरी तिकडे प्रत्यक्ष ट्रेक चालवणारी टांझानियन कंपनी कोणती ते नाव मागून घ्या.

पाच दिवसांवरून सहा केले तर मारंगूला पार्क फीतला फरक व्हॅटसकट दीडशे डॉलरच्या आसपास, वर थोडी मजुरी. विमानाचं तिकीट, व्हिसा, सामान ह्यावर लाखाच्या वर खर्च करून हे दीडशे वाचवणं मला पटत नाही. टिपही वेगळी धरून ठेवा, माणशी अडीचशे डॉलरच्या आसपास, ती शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर, कुणाला किती हे कागदावर लिहून द्यायची, एकट्या गाइडच्या हातात गठ्ठा द्यायचा नाही. डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या न्या, जुन्या सालच्या तिकडे घेत नाहीत, तिथल्या चलनात, शिलिंगमध्ये दिलेली टीपही चालते.

हंगाम दोन. जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा, आणि जून ते ऑक्टोबर. मार्चअखेर ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. आपल्याकडची मंडळी बरेचदा २६ जानेवारी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती नाहीतर १५ ऑगस्ट धरून येतात, तिरंगा आणि महाराजांची प्रतिमा घेऊन, आणि वर गेल्यावर ऊर भरून येतो हे खरंच आहे, पण समिटची तारीख बांधून घेतली की अडचण होते. आदल्या संध्याकाळी एखाद्याला त्रास होत असताना उद्याच वर जायचंय म्हणून लपवलं जातं. झेंडा न्या, तारखेचा हट्ट नको. शक्य झालं तर समिटची रात्र पौर्णिमेच्या आसपास येईल असं बघा, हेडलॅम्प लावायची गरजही कमी लागते.

उंचीच्या आजाराबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण हे वाचून जायलाच हवं. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे साधं, सगळ्यांना थोडंफार होतं. पण चालताना झोक जायला लागला, बोलणं विसंगत व्हायला लागलं, किंवा बसल्याजागी धाप लागायला लागली, खोकला सुरू झाला आणि आडवं झाल्यावर जीव घाबरायला लागला, तर मेंदूत किंवा फुफ्फुसात पाणी साठतंय असं समजायचं आणि त्याच क्षणी खाली उतरायचं, रात्र असो पाऊस असो. चांगले गाइड रोज संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावतात, पण मला त्यापेक्षा दुसरी एक टेस्ट जास्त महत्त्वाची वाटते. जेवण झाल्यावर मेस टेंटच्या बाहेर जमिनीवर काठीने सरळ रेघ ओढतात आणि त्यावरून एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत चालायला सांगतात. दहा पावलं नीट टाकता आली नाहीत तर गाइड वाद घालत नाही, बॅग भरायला सांगतो. तुमचा गाइड असं सांगेल तेव्हा त्याच्याशी पैसे भरलेत म्हणून भांडू नका.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासासाठीच्या गोळीबद्दल, तुम्ही विचारलंय. बरेच डॉक्टर १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर ही गोळी चालत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरला विचारूनच, आणि पुण्यात असतानाच दोन दिवस घेऊन बघा. हाताच्या बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, हे नेहमीचं आहे. गोळी सवय लवकर व्हायला मदत करते, दिवस वाचवत नाही. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, आणि चाल हळू. गाइड दिवसभर पोले पोले म्हणत राहतात, सावकाश सावकाश, आणि ते शब्दशः पाळायचं, पहिल्या दिवशी जंगलातल्या सपाट वाटेवरही. आपली मुलं सिंहगडाला टायमिंग लावून चढतात ती सवय इथे बाजूला ठेवायची.

समिटची रात्र. बाराफूवरून अकरा-बाराला निघायचं, बाराशे मीटरची चढण, थंडी उणे दहा ते उणे वीस, वर वारा. रात्रीच का, तर एक म्हणजे सूर्योदय, परत उतरायला पुरेसा दिवस हातात राहतो, आणि शिवाय ही वाट सगळी ज्वालामुखीच्या राखेची आणि खडीची आहे, रात्री ती गोठून घट्ट होते, उन्हात सुटी झाली की दोन पावलं वर आणि एक खाली असं होतं. पाच-सहा तासांनी स्टेला पॉइंट, ५७५० मीटरच्या आसपास, म्हणजे विवराच्या काठावर आलात. तिथे बसून राहायचा मोह होतो पण उहुरूला अजून पाऊण तास ते तासभर आहे. ह्या काठावरून चालताना उजव्या हाताला अडीच किलोमीटर रुंदीचं किबोचं विवर आणि डाव्या हाताला दक्षिणेच्या हिमनद्यांची उरलेली भिंत. १९१२ पासून इथला ऐंशी टक्क्यांहून जास्त बर्फ गेलाय. १८४८ साली योहानेस रेबमान नावाच्या मिशनऱ्याने विषुववृत्ताजवळ बर्फ बघितला असं कळवलं तेव्हा युरोपातल्या भूगोलतज्ज्ञांनी विश्वास ठेवला नव्हता, आज त्याच्याच नावाची हिमनदी त्या डाव्या बाजूला आहे आणि ती झपाट्याने आटतेय. दोन मिनिटं थांबून बघा. फोटो काढणारे सगळे फक्त पाटीकडे पळत असतात.

पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो मग तोंड मोकळं राहतं, पाइपवाला ब्लॅडर त्या रात्री गोठतो. मोबाइल आणि हेडलॅम्पच्या बॅटऱ्या अंगालगत. बाराफूला पाणी नाही, शेवटचं पाणी करंगाच्या ओढ्यात, तिथून पोर्टर वीस-वीस लिटरचे कॅन डोक्यावर घेऊन बाराफूपर्यंत चढवतात, तेव्हा तिथे तोंड-हात धुवायला पाणी मागू नका, ओले वाइप्स न्या आणि वापरलेले परत आणा. आणि उतार विसरू नका, शिखरावरून त्याच दिवशी म्वेका कॅम्पला ३१०० मीटरवर यायचंय, एका दिवसात २८०० मीटर उतरण, गुडघ्यांची खरी परीक्षा इथे. दोन ट्रेकिंग पोल्स हवेतच. तयारीसाठी आठवड्यातून दोनदा सिंहगड, पाठीवर सहा-सात किलो घेऊन, आणि चढण्यापेक्षा सावकाश उतरण्यावर लक्ष द्या, अधूनमधून सलग दोन दिवस राजगड-तोरणा.

जेवणाची काळजी नको. शाकाहारी आहोत हे बुक करताना लेखी कळवा. सकाळी पेज, दुपारी-रात्री सूप, भात, बीन्सची रस्सा भाजी, आणि त्यांची चपाती आपल्या पराठ्यासारखी असते. चार हजारच्या वर भूकच मरते, तेव्हा जिभेला ओळखीचं काहीतरी लागतं, लिंबाचं लोणचं, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी. हे सगळं कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत भरा, टांझानियात जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगना बंदी आहे आणि डोंगरावर वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही नेऊ देत नाहीत.

सामानात बूट स्वतःचे, वापरून मऊ झालेले, आणि ते विमानात पायातच घाला, जाड जॅकेटही हातात, कारण बॅग एक दिवस उशिरा आली तर बाकी सगळं मोशीत भाड्याने मिळतं, बूट मापाचे मिळत नाहीत. डाउन जॅकेट आणि उणे तापमानाची स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका, तिकडेच भाड्याने घ्या. पोर्टरकडे द्यायची बॅग १५ किलोच्या आत. दोघी आहात तर प्रायव्हेट टॉयलेट टेंटचे पैसे द्या. इन्शुरन्स घेताना ६००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने खाली आणणं हे दोन्ही पॉलिसीत लिहिलेलं बघा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत ते बहुतेक वेळा नसतं.

आता तुमच्या नऊ दिवसांचं. शनिवारी सकाळी मुंबईहून अदिस अबाबामार्गे किलीमांजारो विमानतळ, रविवार ते पुढचा शनिवार सात दिवसांचा माचामे, रविवारी परत. बसतं, पण एक विमान चुकलं किंवा बॅग आली नाही तर ट्रेकचाच दिवस जातो. दोन दिवस रजा वाढवून घ्या, एक जायच्या आधी मोशीत विश्रांतीला आणि एक परतीला. ई-व्हिसा ऑनलाइन, ५० डॉलर, महिनाभर आधी. यलो फीवरची लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते आणि कार्ड दहा दिवसांनंतर वैध होतं, वाटेत विमान जिथे बदलतं ते इथिओपिया (अदिस अबाबा) आणि केनिया आपल्या सरकारच्या यलो फीवरच्या यादीतले देश असल्याने परत येताना कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, तेव्हा ही लस सगळ्यात आधी घेऊन टाका. मोशीत मलेरियाही आहे, डॉक्टरकडे डायमॉक्सचं विचारायला जाल तेव्हाच त्याच्या गोळ्यांचंही विचारा. आणि परत येताना एखादं जुनं चांगलं जॅकेट, हातमोजे, सॉक्स द्यावेसे वाटले तर मोशीतल्या केपॅपच्या ऑफिसात द्या, ते लोक पोर्टरना असे कपडे ट्रेकपुरते फुकट वापरायला देतात.